विचारवंतांचं म्हणणं निर्णयापर्यंत पोहोचतं कसं, आणि अडतं कुठे?

वाचनकट्टा (धागाकर्ता)

राजकारणात आणि समाजात विचारवंतांचं काम काय, या विषयावर अभ्यासवर्ग घ्यायचा आहे. सिद्धांताची बाजू हाताशी आहे. इटलीतला मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शी याने तुरुंगात लिहिलेल्या वह्यांत (१९२९ ते १९३५) प्रत्येक वर्ग आपले विचारवंत आपणच घडवतो असं मांडलं. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबरने १९१७ आणि १९१९ मध्ये म्युनिकला दिलेल्या दोन व्याख्यानांत वर्गात शिकवणारा आणि सत्ता वापरणारा यांच्या जबाबदाऱ्या वेगळ्या केल्या. १९२७ मध्ये ज्युलियाँ बेंडा या फ्रेंच लेखकाने विद्वानांवर थेट आरोप केला, की राष्ट्राच्या आणि वर्गाच्या द्वेषाला ते तत्त्वज्ञानाचा मुलामा देऊ लागले आहेत.

हे सगळं विचारवंतांनी काय करावं याबद्दल झालं. कसं करावं, याबद्दल फार कमी सापडतं. सह्यांच्या निवेदनाने काही हलतं का, आणि हलत असेल तर कसल्या निवेदनाने? सरकारी समितीवर गेलेला अभ्यासक तिथे नेमकं काय करू शकतो? आणि स्वतःच्या विषयाबाहेर बोलायचा अधिकार कुठपर्यंत? उदाहरणं कुठल्याही देशातली, काळातली चालतील. काय केलं, कशामुळे जमलं किंवा फसलं, हे स्पष्ट असावं.

कच्चा_खर्डा

निवेदनापासून सुरुवात करतो, कारण सर्वांत जास्त वापरलं जाणारं आणि सर्वांत जास्त वाया जाणारं साधन तेच आहे.

फसलेल्या निवेदनाचा नमुना म्हणून ४ ऑक्टोबर १९१४ चा जर्मन जाहीरनामा वर्गात जरूर घ्या. त्यावर ९३ नावं होती आणि त्यांत प्लांक, रोंटगेन, हाबर, ओस्टवाल्ड असे नामवंत शास्त्रज्ञ होते. बेल्जियममध्ये जर्मन सैन्याने अत्याचार केल्याच्या बातम्या 'खऱ्या नाहीत', असं त्यात एकामागून एक परिच्छेदांत ठणकावलं होतं. बर्लिनच्या प्रयोगशाळेत बसून बेल्जियममधल्या लूवाँ शहरात काय घडलं हे तपासायची कुणाची सोय नव्हती. बऱ्याच जणांनी अंतिम मजकूर न पाहताच नाव घालायला होकार दिला होता. म्हणजे दोन चुका एकदम झाल्या: जे माहीत असणं शक्य नाही त्याबद्दल ठाम विधान, आणि न वाचता सही. परिणाम उलटा झाला. परदेशातल्या सहकाऱ्यांचा विश्वास गेला आणि युद्धानंतर १९१९ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदेबाहेर जर्मनीला ठेवलं गेलं. त्या जाहीरनाम्याला उत्तर म्हणून निकोलाई या बर्लिनच्या डॉक्टरने लिहिलेल्या मसुद्यावर आइनस्टाइन धरून चौघांचीच नावं पडली. आज मान आहे तो त्या चौघांना. सह्यांचा आकडा हे वजनाचं माप नव्हे, हे दाखवायला याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

आता जमलेलं. फ्रेंच कादंबरीकार झोलाचं राष्ट्राध्यक्षांना उद्देशून लिहिलेलं पत्र १३ जानेवारी १८९८ च्या 'लोरोर' या वर्तमानपत्रात छापून आलं. ते आठवलं जातं भाषेसाठी, पण त्याची खरी ताकद त्याच्या कायदेशीर आखणीत आहे. ड्रेफस या लष्करी अधिकाऱ्याला हेरगिरीच्या आरोपाखाली चुकीने शिक्षा झाली होती; खरा दोषी एस्टरहाझी याला दोनच दिवस आधी लष्करी न्यायालयाने निर्दोष सोडलं होतं आणि लष्करी सुनावणीचा महत्त्वाचा भाग बंद दाराआड होत असे. झोलाने अधिकाऱ्यांची नावं घेऊन एकेकावर स्वतंत्र आरोप केला आणि आपण १८८१ च्या वृत्तपत्र कायद्यातल्या बदनामीच्या कलमांखाली येतो हे पत्रातच लिहून टाकलं. खटला भरला की साक्षीदार खुल्या न्यायालयात उभे राहणार, हा हिशेब होता. झालंही तसंच. त्याला एक वर्ष कैद आणि ३,००० फ्रँक दंड झाला, पण साक्षी वर्तमानपत्रांत छापल्या गेल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आँरी या लष्करी अधिकाऱ्याने ड्रेफसविरुद्ध बनवलेला खोटा कागद उघडा पडला. ड्रेफस पूर्ण निर्दोष ठरायला मात्र १९०६ उजाडलं. आणखी एक बारकावा: पत्रात झोलाने मुख्य दोष द्यू पाटी या दुसऱ्या लष्करी अधिकाऱ्यावर टाकला होता आणि आँरीचा वाटा त्याच्या लक्षात आला नव्हता. तरीही पत्र टिकलं, कारण 'न्याय बंद दाराआड झाला' हा त्याचा कणा पक्का होता.

तिसरं, १९७७ च्या जानेवारीतली चेकोस्लोवाकियातली सनद. सुरुवातीला सुमारे २४० सह्या. त्यांनी नवी मागणीच केली नाही. सरकारने १९७५ मध्ये हेलसिंकीला मान्य केलेल्या आणि मानवी हक्कांच्या करारांत स्वीकारलेल्या गोष्टी सरकार पाळत नाही, एवढंच कलमवार दाखवलं. पाटोच्का, हावेल आणि हायेक असे तीन प्रवक्ते नेमले, म्हणजे एक तुरुंगात गेला तरी दुसरा बोलेल. चौकशीच्या फेऱ्यांनंतर पाटोच्का मार्चमध्येच वारला, तरी काम थांबलं नाही. पुढच्या बारा वर्षांत त्यांनी शेकडो दस्तऐवज काढले.

यावरून मसुद्याची पद्धत सांगता येते. आधी पत्त्याची ओळ लिहा: हा निर्णय कोणाच्या सहीने बदलतो? ते नाव किंवा पद सापडत नसेल तर निवेदन काढायची वेळ झालेली नाही. मागणी एकच, आणि ती पूर्ण झाली की नाही हे तारखेनिशी सांगता येईल अशी. मजकूर ५०० शब्दांच्या आत. वस्तुस्थितीचं प्रत्येक वाक्य एका कागदावर उभं हवं आणि तो कागद समन्वयकाच्या फाइलमध्ये हवा. मसुदा तयार झाला की विरोधी मताच्या एका माणसाला वाचायला द्या. तो पहिल्यांदा जिथे बोट ठेवेल तिथेच उद्या सरकारी प्रवक्ता ठेवणार असतो. अंतिम मजकूर सह्या करणाऱ्यांना दोन दिवस आधी पाठवा आणि त्यानंतर स्वल्पविरामही हलवू नका.

निवेदनं बिघडतात ती बहुतेक वेळा एकाच कारणाने. प्रत्येक नवी सही आपलं एक कलम घेऊन येते. तीन दिवसांत एका मागणीच्या अकरा होतात, आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे तो त्यातली सर्वांत सोपी उचलून बाकीच्या सोडून देतो.

ताळेबंद

वरच्या प्रतिसादाशी सहमत. भर घालतो ती आकड्यांबद्दल, कारण पुष्कळ चांगले युक्तिवाद तिथेच कोसळतात.

गोपाळ कृष्ण गोखल्यांचं १८९७ हे एकच वर्ष घ्या. वेल्बी आयोगापुढे लंडनला त्यांनी हिंदुस्थानच्या खर्चाबद्दल साक्ष दिली आणि उलटतपासणीत ते टिकले, कारण आकडे सरकारचेच होते. त्याच मुक्कामात पुण्याच्या प्लेग बंदोबस्तातल्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचा आरोप त्यांनी खाजगी पत्रांच्या आधारे जाहीरपणे केला. परत आल्यावर पुरावा द्यायला कुणी पुढे आलं नाही आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. माणूस तोच, सचोटी तीच. फरक एवढाच की एका ठिकाणी मूळ कागद दाखवता येत होता आणि दुसऱ्या ठिकाणी माहिती देणाऱ्यांना उघडं पाडल्याशिवाय तो दाखवता येत नव्हता. म्हणून असा आरोप करण्याआधीच विचारून ठेवायचं: पुरावा मागितला तर नाव द्यायला कोण तयार आहे? कुणीच नसेल तर आरोप न करता स्वतंत्र चौकशीची मागणी करायची. चौकशी मागायला पुरावा लागत नाही, सबळ शंका पुरते.

पुढे मार्च १९०२ चं त्यांचं अर्थसंकल्पावरचं भाषण पाहा. शिल्लक पडतेय म्हणजे भरभराट आहे, असं सरकार म्हणत होतं. गोखल्यांनी सरकारच्याच हिशेबवह्यांतून दाखवलं की रुपयाचा विनिमयदर वर गेल्याने सरकारचा इंग्लंडमधला खर्च हलका झाला, पण पडत्या रुपयाच्या काळात वाढवलेले कर तसेच राहिले. शिल्लक ही जादा करवसुलीची खूण आहे. आकडेमोडीत गणेश व्यंकटेश जोशी यांची मदत होती. मागण्या मोजता येतील अशा होत्या. १९०३ मध्ये मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला आणि प्राप्तिकराची सूट-मर्यादा ५०० वरून १,००० रुपयांवर गेली. सगळं श्रेय एका भाषणाला देता येणार नाही. पण सरकारला आकडे खोडता आले नाहीत, कारण ते त्याचेच होते.

उलट बाजूने राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांचा २०१० चा लेख घ्या. सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की विकास खालावतो, असं त्यात दिसत होतं, आणि युरोप-अमेरिकेत खर्चकपातीच्या बाजूने तो वारंवार पुढे केला गेला. २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने लेखकांकडून मूळ एक्सेल फाइल मागवून गणित पुन्हा केलं. सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सूत्रातून सुटल्या होत्या. शिवाय काही वर्षांची माहिती वगळली होती आणि देशांना भार देण्याची पद्धत वादग्रस्त होती. तीनही दुरुस्त्यांनंतर जास्त कर्जाच्या गटाचा सरासरी विकासदर उणे ०.१ टक्क्यावरून अधिक २.२ टक्क्यांवर आला. लेखकांनी सूत्रातली चूक मान्य केली, बाकीच्या दोन मुद्द्यांवर वाद घातला. तोवर तीन वर्षं गेली होती आणि अंदाजपत्रकं मंजूर होऊन गेली होती.

तेव्हा आकडा वापरताना मूळ तक्ता उघडून पाहायचा, बातमीवर थांबायचं नाही. भागाकार कशाने केलाय ते पाहायचं: दर लोकसंख्येमागे, कुटुंबामागे की नोंदणी झालेल्यांमागे. मधल्या वर्षांत व्याख्या बदलली का, हे तळटिपांत सापडतं. गरिबी, बेरोजगारी आणि साक्षरता या तिन्हींत व्याख्या बदलल्याने आलेली घट किंवा वाढ खरी समजून लेखच्या लेख लिहिले जातात. मग गणित दुसऱ्या माणसाने मूळ माहितीवरून स्वतंत्रपणे करायचं. तुमचीच फाइल त्याला दिली तर तुमचीच चूक त्याच्याकडे जाते. शेवटी फाइल सर्वांना खुली करायची. टीकाकाराने चूक काढली तर ती पहिल्या आठवड्यात निघालेली बरी.

भिन्नमत

समितीबद्दल कुणीतरी लिहावं म्हणून थांबलो होतो. लिहितोच.

समितीचा निकाल पुष्कळदा पहिल्या बैठकीआधी ठरलेला असतो, आणि तो लबाडीने नव्हे, कार्यकक्षेने. 'अमुक योजना राबवण्याचे मार्ग सुचवावेत' असं लिहिलं असेल तर योजना हवीच का, हा प्रश्न समितीपुढे येऊच शकत नाही. म्हणून नेमणूक स्वीकारण्याआधी कार्यकक्षा लेखी मागवायची आणि हवा तो बदल तेव्हाच मागायचा. नाव जाहीर झाल्यानंतर तुमच्या हातात राजीनाम्याशिवाय काही उरत नाही. त्याच वेळी आणखी चार गोष्टी लेखी घ्या: माहिती मागवायचा अधिकार आहे का, इतिवृत्त कोण लिहिणार, अहवाल किती दिवसांत प्रसिद्ध होणार, आणि भिन्नमतपत्रिका अहवालाला जोडूनच छापली जाणार का.

मसुदा बहुधा सदस्य-सचिव लिहितो. तो शेवटच्या आठवड्यात येतो, जाडजूड असतो आणि मत द्यायला दोन दिवस असतात. यावर उपाय एकच. पहिल्या महिन्यातच एखादं प्रकरण मी लिहितो म्हणून अंगावर घ्यायचं. मसुदा ज्याच्या हातात, शब्द त्याचे.

मत जुळत नसेल तेव्हा काय करावं, याचा वस्तुपाठ डॉ. आंबेडकरांचा आहे. सायमन आयोगाला सहकार्य करण्यासाठी मुंबई कायदेमंडळाने नेमलेल्या समितीवर ते होते. समितीच्या अहवालावर सही न करता मे १९२९ मध्ये त्यांनी स्वतंत्र अहवाल दिला आणि त्यात प्रौढ मताधिकाराची मागणी कारणांसह मांडली. बैठकीतून बाहेर पडून पत्रक काढलं असतं तर ते त्या आठवड्यापुरतं राहिलं असतं. स्वतंत्र अहवाल मात्र सरकारी दप्तरात गेला, पुढच्या प्रत्येक वादात उद्धृत करता येईल असा. राज्यघटनेत प्रौढ मताधिकार कलम ३२६ मध्ये आला. भिन्नमतपत्रिका लिहायची ती अशी, की उद्याच्या कायद्याचा मसुदा करणाऱ्याला त्यातून परिच्छेद उचलता यावा. नुसती नापसंती नोंदवली तर तिचा कुणाला उपयोग नाही.

दुसरा धोका म्हणजे तुमचं म्हणणं दुसऱ्याने सांगणं. इटलीत लाक्विला शहराजवळ महिनोन्महिने छोटे धक्के बसत होते. ३१ मार्च २००९ ला तज्ज्ञांची बैठक झाली. धोका नाही, असा दिलासा एका अधिकाऱ्याने दूरचित्रवाणीवरून दिला. भूकंपाचं भाकीत करता येत नाही एवढंच शास्त्रज्ञांना म्हणता येत होतं, आणि 'सांगता येत नाही' व 'धोका नाही' यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण त्यांनी ते विधान जाहीरपणे खोडलं नाही. ६ एप्रिलच्या भूकंपात ३००हून जास्त माणसं गेली. २०१२ मध्ये सहा शास्त्रज्ञ आणि तो अधिकारी अशा सातही जणांना शिक्षा झाली. २०१४ मध्ये अपिलात सहा शास्त्रज्ञ सुटले, अधिकाऱ्याची शिक्षा कमी होऊन राहिली. म्हणून बैठक संपण्याआधी चार-पाच ओळींचं जाहीर निवेदन तिथेच लिहून, सगळ्यांनी वाचून, त्याच शब्दांत बाहेर द्यायचं. कुणी वेगळं बोललं तर त्याच दिवशी दुरुस्ती प्रसिद्ध करायची.

सल्लागार आणि प्रचारक या दोन्ही भूमिका एकदम निभावता येतात का? ब्रिटनमध्ये अमली पदार्थांवरच्या सल्लागार परिषदेचे अध्यक्ष डेव्हिड नट यांना ऑक्टोबर २००९ मध्ये गृहमंत्र्यांनी पदावरून काढलं. दारू आणि तंबाखूची हानी काही बंदी असलेल्या पदार्थांपेक्षा जास्त आहे, असं ते व्याख्यानातून सांगत होते. काही सदस्यांनी निषेध म्हणून राजीनामे दिले आणि २०१० मध्ये सरकारला स्वतंत्र शास्त्रीय सल्ल्याबद्दलची तत्त्वं जाहीर करावी लागली. माझ्या मते नट यांचं बोलणं रास्त होतं. पण असं बोलायचं असेल तर पद जाईल हे धरून चालावं आणि अभ्यास पुढे नेणारं दुसरं ठिकाण आधी तयार ठेवावं. त्यांनी काही महिन्यांत स्वतंत्र समिती उभी केली, म्हणून काम थांबलं नाही.

उंबरठा

वरचे तीनही प्रतिसाद जपून ठेवावेत असे आहेत, पण एका गोष्टीवर माझा आक्षेप आहे. तिन्ही वाचून असं वाटतं की विचारवंत म्हणजे उत्तम कागदपत्रं असलेला तज्ज्ञ. झोला लष्करी कायद्याचा तज्ज्ञ होता का? कादंबरीकार होता. त्याचा अधिकार वेगळ्या ठिकाणाहून आला: खोटं बोललं जातंय हे ओळखायला आणि त्याची किंमत स्वतः मोजायला तो तयार होता.

विषयाबाहेर बोलण्याच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं. प्रत्येक सार्वजनिक वादात दोन थर असतात. काय घडतंय आणि काय केल्यास काय होईल, हा पहिला. कोणी किती सोसावं आणि काय जास्त मोलाचं, हा दुसरा. पहिल्या थरात विषयाबाहेरच्या माणसाने तज्ज्ञाचं नाव घेऊनच बोलावं. दुसऱ्या थरात प्रत्येक नागरिकाचा अधिकार सारखा आहे आणि तिथे तज्ज्ञालाही एकच मत आहे. गडबड होते ती दुसऱ्या थरातलं मत पहिल्या थराच्या भाषेत सांगितल्यावर. 'हे धरण बांधलंच पाहिजे, असं विज्ञान सांगतं' हे वाक्य चूक आहे. विज्ञान पाणी किती साठेल आणि कोणती जमीन बुडेल ते सांगतं. ज्याची जमीन बुडणार त्याचं नुकसान पत्करावं की नाही, हे ते सांगत नाही. स्वतःच्या लेखात प्रत्येक वाक्यापुढे समासात 'व' किंवा 'मू' लिहून पाहा, वस्तुस्थितीचा आणि मूल्याचा. जिथे ठरवता येत नाही ते वाक्य फोडून दोन करा.

आयर्लंडने हे दोन थर व्यवस्थेतच वेगळे केले. २०१६ मध्ये नेमलेल्या नागरिक सभेत ९९ सामान्य नागरिक आणि एक अध्यक्ष होत्या. तज्ज्ञांनी माहिती मांडली, प्रश्नांना उत्तरं दिली, मतदान मात्र नागरिकांनी केलं. गर्भपातावरची घटनात्मक बंदी उठवावी, या दिशेने त्या सभेने कौल दिला आणि मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी तो मान्य केला. तज्ज्ञांचं वजन यात कमी झालं नाही. उलट त्यांच्यावर पक्षपाताचा आरोप करणं अवघड झालं.

ज्यांच्याबद्दल निर्णय होतोय त्यांच्यातूनच आलेला अभ्यासक असेल तर त्याला आणखी एक गोष्ट दिसते: कुठला प्रश्न विचारलाच गेला नाही. आंबेडकरांच्या अहवालाची ताकद निम्मी तिथून आली होती. म्हणून अभ्यासगट बांधताना प्रश्नावली छापण्याआधी ती त्या लोकांसमोर ठेवा. अहवाल झाल्यावर दाखवून उपयोग नाही.

वाचनकट्टा

फार उपयोगी पडलं, सगळ्यांचे आभार. एकच विचारायचं राहिलं. वर्गातली मुलं विचारवंत म्हणून ओळखतात ती चर्चेच्या कार्यक्रमांत रोज भाकितं करणारी माणसं. त्यांच्याबद्दल काय सांगावं?

ताळेबंद

फिलिप टेटलॉक या अमेरिकन अभ्यासकाचं काम सांगा. त्याने सुमारे वीस वर्षं २८४ तज्ज्ञांची ८०,०००हून अधिक राजकीय आणि आर्थिक भाकितं नोंदवली आणि २००५ मध्ये निष्कर्ष मांडले. सरासरी तज्ज्ञ साध्या ठोकताळ्यांपेक्षा फारसा पुढे नव्हता. सगळं एकाच मोठ्या सिद्धांतातून समजावणारे जास्त चुकले, निरनिराळ्या ठिकाणांहून थोडं थोडं घेऊन मत बदलणारे कमी चुकले. प्रसारमाध्यमांत ज्यांना जास्त मागणी, त्यांची अचूकता कमी भरली. याचं कारण सरळ आहे: 'बहुधा, पण अमुक झालं तर नाही' म्हणणाऱ्याला कार्यक्रमात परत बोलावत नाहीत.

वर्गासाठी करून घेण्यासारखं काम असं आहे. एका महिन्यातल्या चर्चांतून वीस भाकितं उतरवून घ्या. प्रत्येकाला तीन रकाने: नक्की काय घडणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि बोलणाऱ्याने शक्यता किती टक्के सांगितली. बहुतेकांचा दुसरा आणि तिसरा रकाना रिकामा राहील. 'सरकारला किंमत मोजावी लागेल' यासारखं विधान तपासताच येत नाही, त्यामुळे ते चुकतही नाही. जी तपासता येतील ती वर्षभराने पुन्हा उघडा.

त्याच्या शेजारी ओझोनची तारीखवार नोंद ठेवा. जून १९७४ मध्ये मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी क्लोरोफ्लुरोकार्बनमुळे (फ्रीज आणि स्प्रेमध्ये वापरले जाणारे वायू) ओझोनचा थर विरळ होईल असं मांडलं, प्रक्रिया कशी होईल तेही सांगितलं, आणि उत्पादकांचा विरोध सोसत बंदीची मागणी उघडपणे केली. अंटार्क्टिकावरचं छिद्र १९८५ मध्ये नोंदवलं गेलं, हे वायू बंद करत नेण्याचा माँट्रियल करार सप्टेंबर १९८७ मध्ये झाला आणि तो १ जानेवारी १९८९ पासून अंमलात आला. मधल्या तेरा वर्षांत दोघे तोच मुद्दा घेऊन समित्यांपुढे जात राहिले. मुलांना दोन्ही कागद एकदम द्या आणि कोणत्या बोलण्याने काय बदललं हे त्यांनाच लिहायला सांगा.